मॅडम, तुम्हाला काय नको होतं?

मला बोलतं केलं ते शैला मॅडमनी. हे सगळ्यात आधी लिहून ठेवते. पुढे रडू आलं आणि कागद अर्धाच राहिला, तरी एवढं लिहिलेलं असावं. दुसरं नाव डॉक्टर निखिलचं, तिसरं मॅडमच्या लेकीचं, मृणालचं. ही दोघं नसती तर मी पेन उघडलंच नसतं. आता काय झालं ते सांगते.

मॅडम, तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. तुमच्या संस्थेचा अंक निघणार आहे, त्यात तुमच्यावर लिहून द्या असं मृणालनं सगळ्यांना सांगितलंय. मोठमोठे डॉक्टर इंग्रजीत लिहिताहेत. मला तुमची लेक म्हणाली, "मावशी, तुम्ही मराठीतच लिहा. आणि आईबद्दल नको, आईलाच लिहा." म्हणून तुम्हालाच लिहिते. तुमची पदं आणि बक्षिसं ते लोक लिहितील. मला ती धड माहीतही नाहीत. मला माहीत आहे ते असं, की तुम्ही चहा बशीत ओतून प्यायचात, पण खोलीचं दार लावून.

आपण पहिल्यांदा बोललो तेव्हा बंगळूरच्या तुमच्या हॉस्पिटलात मी साफसफाईला लागून चार महिने झाले होते. ह्यांचा कारखाना मुरबाडच्या एमआयडीसीतून इकडे आला, मशीनवरची जुनी माणसं घेऊन आला, म्हणून आम्ही आलो. मी सातवीत शाळा सोडलेली. कन्नड येत नाही, हिंदी तुटकी. चार महिने मी फरशीशीच बोलत होते म्हणा ना. त्या दिवशी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बहिणीचा फोन आला आणि मी कोपऱ्यात उभी राहून तिला म्हणत होते, "नाय गो, दिवाळीला नाय जमत." मागून आवाज आला, "कुठली गो तू?"

वळून बघते तर हिरव्या कपड्यातल्या डॉक्टर. मला वाटलं, गेली नोकरी.

"मुरबाडची."

"मुरबाडात कुठं?"

"सरळगावच्या पुढं."

"मी शहापूरची," असं म्हणून तुम्ही मास्क खाली केलात. "काय गो, तुमच्याकडं रेल्वे आली का?"

मला काय झालं कोण जाणे. एवढी घाबरट मी, घराचं कुलूप तीनदा ओढून बघणारी, पण तोंडातून निघून गेलं, "तुमच्याकडं तरी कुठं हाय? स्टेशन आसनगावला. उतरून रिक्षाच करता ना?"

तुम्ही एवढ्या मोठ्यानं हसलात की आतून सिस्टर बघायला आली. "रेल्वे ती रेल्वे," म्हणालात आणि हात धुवायला गेलात. हे भांडण आपण नऊ वर्षं भांडलो. कोणी हरलं नाही.

तुमचं काम मला आधी कळलंच नव्हतं. मेंदूच्या ऑपरेशनला भूल द्यायची, एवढं ठाऊक होतं. एकदा मी लादी पुसता पुसता विचारलं, "मॅडम, आतला माणूस बोलत होता का मगाशी?" तुम्ही बसवून सांगितलंत. काही ऑपरेशनांत डोकं उघडलेलं असतं आणि माणूस जागा. मेंदूला स्वतःला दुखत नाही. गाठ बोलायच्या जागेजवळ असली तर डॉक्टरला कळायला हवं की आपण कुठं हात लावतोय, म्हणून पेशंटला बोलतं ठेवायचं. चित्रं दाखवायची, त्यानं नावं सांगायची. नाव अडखळलं की तिथं थांबायचं. आणि एवढा वेळ त्याच्या तोंडाजवळ, चादरीखाली, जो बसून राहतो तो भूल देणारा डॉक्टर. "म्हणजे तुमी भूल देता आणि जागंपण ठेवता?" मी म्हटलं. "हो, आणि दोन्हीचा पगार एकच," तुम्ही म्हणालात.

तुमच्यासारख्या डॉक्टरांची देशभरची संस्था आहे, आणि नव्यांना शिकवायचं तिथलं काम तुमच्या अंगावर होतं. दर थोड्या महिन्यांनी कुठून कुठून पोरंपोरी यायची, तीन दिवस राहायची. दोन दिवस रबराच्या पुतळ्यावर नळी घालायला शिकायची, तिसरा दिवस जाग्या पेशंटचा. पुतळा बोलत नाही, म्हणून पेशंट व्हायला त्यांच्यातलाच एक डॉक्टर झोपायचा. तुम्हाला ते पटत नव्हतं. "ह्यांना सगळं माहीत असतं. इथं आता विचारतील, इथं आता खोकायचं. खरा पेशंट असा असतो का?" आणि माझ्याकडे बघून म्हणालात, "वंदना, तू झोप."

मी नको नको म्हणत झोपले. उजव्या कुशीवर घेतलं, खाली उजवा हात. वर हिरवी चादर, ती एका लोखंडी दांडीवर ताणलेली, तोंडापुरती खिडकी. त्या खिडकीत डॉक्टर निखिल. नागपूरचा पोरगा, नुकता शिकून आलेला, कपाळावर घाम. दर दोन मिनिटांनी विचारायचा, "मावशी, बरं आहे ना?"

"बरं हाय."

"काही दुखत नाही ना?"

"नाय नाय. बरं हाय."

पाऊण तास. वीस पोरं भोवती उभी, वह्या घेऊन. तुम्ही खूश होतात. निखिलला म्हणालात, छान, पेशंट शांत आहे. मग चादर काढली, मला उठवून बसवलं, आणि कोणीतरी माझ्या हातात चहाचा ग्लास दिला. तो तसाच खाली. हाताला काही कळतच नव्हतं. चहा सगळा निखिलच्या बुटांवर.

तुम्ही माझी बोटं दाबून बघितलीत. चेहरा बदलला.

"कधीपासून गो?"

"तुमी चादर घातली तवापासून."

"मग बोललीस का नाय? त्यानं किती वेळा विचारलं!"

"विचारलं ना. म्हणून तर बरं हाय म्हटलं."

कोणी हसलं नाही. मी घाबरून बोलत सुटले. एवढे शिकलेले लोक माझ्यासाठी खपताहेत, मधेच कसं सांगायचं की हात अवघडला. डॉक्टरनं विचारलं की बरं हाय म्हणायचं, आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात. पाय मोडलेला माणूससुद्धा आधी बरं हाय म्हणतो, मग पाय दाखवतो.

तुम्ही स्टुलावर बसलात. त्या पोरांना इंग्रजीत काहीतरी सांगितलंत, मला मग मराठीत. खऱ्या ऑपरेशनात हा हात तीन-चार तास असा दबला असता तर पुढे कितीतरी दिवस लुळा राहिला असता. किंवा सहन होईनासं झालं की माणूस एकदम हलतो, नेमका नको त्या क्षणी. आणि मग हळूच म्हणालात, "माझे बाबा शेवटपर्यंत बरं हाय म्हणत होते. शहापूरच्या घरात, माझ्यासमोर. आणि मी डॉक्टर."

मग विचारलंत, "तुमच्याकडं खरं कसं काढून घेतात गो आजारी माणसाकडनं?"

मी थोरल्या काकीचं सांगितलं. आमच्या आळीत कोणी पडलं की काकीला बोलावतात. ती 'बरं हाय का' असं कधीच विचारत नाही. ती विचारते, "काय नको वाटतंय?" आमच्यातला माणूस पाहिजे ते मागणार नाही, लाज वाटते, कोणाला कामाला लावायचं नसतं. पण नको ते लगेच सांगतो. उजेड नको. ही कूस नको. ती जाऊ समोर बसलीय ती नको.

आता मात्र सगळे हसले. तुम्ही नाही हसलात. "झोप परत," म्हणालात. मी झोपले. निखिल ओल्या बुटांनी खिडकीत येऊन बसला.

"मावशी, काय नको वाटतंय?"

आणि मॅडम, माझ्या तोंडाला जसा पाझर फुटला. ही कूस नको. नाकावरची चादर नको. डोळ्यावरचा दिवा नको. "आणि तुमी सारखा माझा हात धरून बसताय, तो पण नको."

बिचाऱ्यानं चटका बसल्यासारखा हात सोडला. त्या दिवशी तुम्ही दार न लावता चहा बशीत ओतलात, सगळ्यांसमोर. माझ्यासमोर दुसरी बशी ठेवलीत.

पुढच्या वेळेपासून तुमच्या शिकवण्याच्या कागदांत तो प्रश्न आला. तुम्ही त्याला 'वंदनाचा प्रश्न' नाव दिलंत. मी म्हटलं, काकीचं नाव द्या, माझं कशाला. "काकी कुठं येऊन झोपणार इथं?" म्हणालात. केरळची, आसामची, ओडिशाची पोरं यायची, तुम्ही प्रत्येकाला विचारायचात, तुमच्या घरच्या भाषेत हे कसं म्हणाल? ती लाजत म्हणायची, बाकीचे ऐकायचे. मी चादरीखाली पडून ते वेगवेगळे 'नको' ऐकत राहायचे. मला त्यातली एकही भाषा येत नाही, पण विचारणारा मनापासून विचारतोय की यादीतलं उरकतोय, ते चादरीखालून बरोबर कळतं. मी उठून तुम्हाला सांगायचे, हा चांगला, ही घाईत होती. तुम्ही ते लिहून घ्यायचात. शिकल्यासवरल्या माणसांना मी मार्क देते, हे घरी सांगितलं तर ह्यांना खरं वाटेना.

पेशंटला दाखवायच्या चित्रांच्या पत्त्यांवरूनही आपलं भांडण झालंच होतं. तुमच्या पेटीत बाहेरच्या देशातले पत्ते. एकावर बर्फाचा माणूस, गळ्यात पट्टा. मी त्याला भाताचा मुटका म्हटलं. तुम्ही लगेच माझ्या मेंदूत गाठ शोधायला निघालात! मग मी गावी गेले तेव्हा मुरबाडच्या बाजारातले फोटो काढून आणले. सूप, पावसात डोक्यावर घ्यायचं इरलं, कोयता, शिंकं, पाटा-वरवंटा, म्हसा गावच्या यात्रेतली घोंगडी. तुम्ही एकेक बघत म्हणालात, "इरलं शहापूरचं हवं होतं गो. मुरबाडचं गळतं." पण पत्ते तेच केलेत. आणि संस्थेतल्या सगळ्यांना सांगितलंत, आपापल्या बाजारात जा, आपापले पत्ते करा.

हे सगळं चांगलंच होतं. मी टेबलावर, तुम्ही खुर्चीत, असं जन्मभर चाललं असतं तरी मला चाललं असतं. तुम्हालाच ते पुरेना. गेल्या वर्षापासून तुम्ही मागे लागलात. "आता टेबलावरून ऊठ. तिसऱ्या दिवसाचा वर्ग तू घे. मी झोपते टेबलावर."

"मी सातवी, मॅडम."

"सातवी सातवी काय करतेस? हे लोक बारा-बारा वर्षं शिकून आलेत आणि एका बाईचा हात दबलाय ते त्यांना कळलं नाही. ते तू शिकव."

"इंग्रजीत विचारलं तर?"

"तर बरं हाय म्हण."

मी हसून टाळायचे. तुम्ही रागवायचात, खरंच रागवायचात, एकदा दोन दिवस बोलला नव्हतात. मला कळत होतं तुम्हाला घाई का आहे. तुमच्या मनात शहापूर-मुरबाडचं शिबिर होतं. नाशिक हायवेवर अपघात होतात, डोक्याला मार लागलेला माणूस आधी आपल्या तिकडच्या सरकारी दवाखान्यात येतो. तिथल्या सिस्टरला, अँब्युलन्सच्या माणसाला पहिला तासभर त्याचा श्वास कसा सांभाळायचा, मान कशी धरायची, त्याच्याशी काय बोलायचं, हे शिकवायचं. ते लोक डॉक्टरांसमोर 'कळलं कळलं' म्हणतात, तेही एक 'बरं हाय'च. म्हणून तुम्हाला तिथं मी हवी होते, खुर्चीत. आणि पहिलं शिबिर कुठं, यावर आपलं परत तेच. "शहापूरला. लोकांना यायला रेल्वे आहे." "मुरबाडला. रेल्वेवाल्यांकडं सगळंच आधी जातं." मृणाल म्हणायची, तुम्ही दोघी शिबिर घेणार की जिल्हा वाटून घेणार?

मग तुम्ही रजेवर गेलात. काय झालंय ते कोणाला नीट सांगितलं नाहीत. मी फोन केला, दुपारी, कपडे बदलायच्या खोलीतून.

"कशा हायत, मॅडम?"

"बरं हाय गो."

तुम्ही हे म्हणालात. शहापूरच्या बोलीत म्हणालात. आणि मी, जिच्या नावानं तो प्रश्न आहे ती मी, म्हणाले, "बरं बरं. सांभाळा." पुढचं विचारलंच नाही. मग तुम्ही विचारलंत, "खुर्चीचं काय ठरवलंस?" मी म्हटलं, "बघू." तेवढ्यात मला हाक आली आणि मी फोन ठेवला. तुम्ही खरं सांगितलं नाहीत आणि मीही नाही. आठ दिवसांनी तुम्ही गेलात.

त्यानंतर मला झोपेपेक्षा जेवणाचा त्रास झाला. घास घेतला की आठवायचं, मी का नाही विचारलं. ह्यांनी समजावलं, बहिणीनं फोनवर समजावलं. मृणाल तुमची पत्त्यांची पेटी द्यायला आली तेव्हा मी तिच्यासमोर रडून सगळं सांगितलं. तिनं पेटी माझ्या मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "मावशी, मी विचारलं होतं."

शेवटच्या दोन दिवसांत तिनं तुम्हाला विचारलं, आई, काय नको वाटतंय? तुम्ही डोळे उघडलेत म्हणे, आणि हसलात. "वंदनाचा प्रश्न चोरलास," म्हणालात. मग सांगितलंत. पंखा नको. डोक्याशी कोणी मोबाइल बघत बसलेलं नको. ती पांढरी ताठ चादर नको. त्यांनी पंखा बंद केला, सगळे बाहेर गेले, मृणालनं तुमची जुनी मऊ गोधडी आणली. तुम्ही हात त्या गोधडीवर ठेवून झोपलात.

हे ऐकल्यावर मी त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले. मी विचारलं नाही हे राहीलच. पण कोणीतरी विचारलं, आणि तुम्ही बरं हाय म्हणाला नाहीत. काकीचा शब्द सरळगावच्या पुढून निघाला आणि तुमच्या उशाशी पोचला. मला एवढं पुष्कळ आहे.

पेटीत पत्त्यांखाली एक कागद होता, तुमच्या अक्षरातला. वर 'पहिलं शिबिर'. खाली 'शहापूर' लिहून खोडलेलं, 'मुरबाड' लिहून खोडलेलं, परत 'शहापूर', त्यापुढे प्रश्नचिन्ह. आणि शेवटच्या ओळीत, न खोडता, 'शिकवणार : वंदना'.

पुढे तुमच्याच हाताखाली राहिलेला डॉक्टर निखिल आता तुमच्या जागी संस्थेचं शिकवण्याचं काम बघतो. पुढच्या महिन्यात नवी पोरं येताहेत. त्यानं मला विचारलं, मावशी, मॅडमचा वर्ग तुम्ही घ्याल का? मी म्हटलं, बघू. शनिवारपर्यंत सांगा म्हणाला. मी नाही म्हटलं तर तो वर्ग यंदा गाळणार होते, फक्त पुतळ्याचे दोन दिवस ठेवणार होते. चार रात्री मी कुलूप तीनदा नाही, सहादा ओढून बघितलं. शुक्रवारी मी त्याला नाही सांगायला गेले. तोंड उघडायच्या आत त्यानं स्टूल ओढलं, माझ्यासमोर बसला, अगदी त्या दिवशीसारखा.

"मावशी, काय नको वाटतंय?"

मी म्हटलं, "माइक नको."

"बरं."

"उभं राहणं नको. पाय कापतात."

"बरं."

"इंग्रजी नको. कोणी माझं नाव पुकारून शाळा कितवी ते सांगणं नको. आणि मॅडमचा मोठा फोटो समोर लावू नका, मला रडू येईल."

"अजून?"

मी विचार केला, मॅडम. खूप विचार केला. अजून काही सापडेना. वर्ग नको, हे त्यात कुठंच नव्हतं. वर्षभर मी नाही नाही म्हणत होते ते माइकला आणि उभं राहण्याला. हे मला कोणी विचारलंच नव्हतं. तुम्हीसुद्धा नाही. हे तुमचं चुकलं, सांगून ठेवते. तुम्ही समोर असतात तर ह्यावरूनही भांडले असते.

"मग खुर्ची देतो," निखिल म्हणाला. "मराठीत बोला, मी बाजूला बसून सांगत जाईन. टेबलावर कोण झोपेल?"

"तुमी झोपा," मी म्हटलं. "उजव्या कुशीवर. बूट काढून."

तर मॅडम, वर्ग आहे. माझ्या पिशवीत तुमची पेटी आहे, वर इरल्याचा पत्ता. कागद पूर्ण झाला. तुम्ही मला टेबलावरून उठवलंत, ह्याची फेड इथं बंगळूरला होणार नाही. ती तिकडे जाऊनच करीन. मला वेळ लागेल, परवानग्या कशा घेतात ते शिकावं लागेल, पण एक दिवस तुमच्या कागदावरचं ते प्रश्नचिन्ह मी माझ्या हातानं पुसणार. पहिलं शिबिर शहापूरला. तुम्ही जिंकलात. मी आसनगावला उतरीन आणि रिक्षा करीन, आणि रिक्षात बसल्यावर तुम्हाला काय बोलायचं ते बोलेन.

दुसरं मुरबाडला.